खडूच्या गाडीतली पुढची सीट

मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला एका बाईंनी मला एक वही दिली. म्हणाल्या, या वर्षीच्या दिवाळी अंकात कामाधंद्याचे अनुभव छापायचे आहेत, तुम्ही गॅरेजात काम करता, तुम्ही लिहा. मी म्हटलं, माझी चौथी झालीय. त्या म्हणाल्या, मग काय झालं. मी नको नको म्हणत राहिले आणि वही परत द्यायची विसरले. आता ती घरात कोरी पडून आहे, आणि कोरं कापड घरात पडून राहिलेलं मला बघवत नाही. म्हणून लिहितेय. कुणाला देणार नाही. पण वाचणारा बाहेरचा आहे असं धरून लिहितेय, नाहीतर मला काय काय सांगायचं राहिलं ते कळणार नाही.

माझं काम एका वाक्यात सांगता येत नाही. गल्लीतल्या बायका विचारतात, गॅरेजात तू काय शिवतेस, टायर? मी बेंगळूरला, पीण्या नावाच्या कारखान्यांच्या वस्तीत, रंगण्णांच्या गॅरेजात आहे. रंगण्णा फोर बाय फोर गाड्या लांबच्या प्रवासासाठी तयार करून देतात. फोर बाय फोर म्हणजे जिची चारही चाकं ओढतात अशी गाडी. साधी गाडी चिखलात अडकली की दोन चाकं काम करतात आणि दोन बघत बसतात. हिची चारही कामाला लागतात. अशी गाडी घेऊन लोक लडाखला, स्पितीला, कच्छच्या रणात जातात. जायच्या आधी गाडीचे स्प्रिंगचे पाटे, शॉकअब, ब्रेक, टायर बघायचे, वर कॅरियर बसवायचा, आत लाकडी ड्रॉवर बसवायचे, हे सगळं रंगण्णांचं. त्यानंतर गाडीच्या आतलं जे जे मऊ आहे ते माझं. सीटा, कॅनव्हासचे खिसे, ताडपत्रीच्या पिशव्या, सामान बांधायचे पट्टे. आणि सामान लावून देणं.

सामान लावणं हे खरं काम. खराब रस्त्यावर दिवसभर गाडी हादरली की सुटं ठेवलेलं भांडंसुद्धा दारावर डोकं आपटून घेतं. जड वस्तू खाली आणि मधे, हलक्या वर. रोज लागणारी हाताशी, कधीच लागू नये अशी तळाला. काहीही वाजता कामा नये. शंभर किलोमीटर एक चमचा वाजत राहिला तर नवरा-बायकोची भांडणं होतात, हे मला गिऱ्हाइकांनीच सांगितलंय.

माझं माहेर निपाणीकडचं. शाळा मराठी, तीही चौथीपर्यंत. सासर इथलं, कितीतरी पिढ्या शिवणकाम करणारं, त्यामुळे आमच्या घरचं मराठी अर्धं कानडी. हे पीण्यात सीट कव्हरच्या दुकानात होते. एकदा रंगण्णांचं काम आलं आणि ह्यांचा हात दुखावला होता, म्हणून दोन दिवस मी मशीनवर बसले. त्याला एकोणीस वर्षं झाली. ह्यांचा हात कधीच बरा झाला, मी अजून बसलेलीच आहे.

मला लोकांशी बोलता येत नाही. म्हणजे येतं, पण वाक्य घशाशी येईपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असतो. म्हणून मी एक युक्ती काढली. गॅरेजच्या सिमेंटच्या जमिनीवर मी शिंप्याच्या चपट्या खडूने गाडीचा आतला भाग मापात काढते. इंच न इंच बरोबर. मग गिऱ्हाइकाने आपलं सगळं सामान आणून त्या रेघांच्या आत मांडायचं. मावलं तर गाडीत मावेल. नाही मावलं तर मला तोंड उघडावं लागत नाही, खडू बोलतो. साहेब लोक रंगण्णांशी वाद घालतात, पण जमिनीवरच्या रेघेशी वाद घालणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

एचएसआर लेआउटमधले चार मित्र आले होते. त्यांनी रेघांच्या आत कॉफीचं मशीन मांडलं, मोठा स्पीकर मांडला, उडवायचं ड्रोन मांडलं, आणि आत गोळ्या भरलेली एक गुबगुबीत गादी, जिच्यावर बसलं की माणूस उठू शकत नाही, ती मांडली. मग चौघे कमरेवर हात ठेवून बघत राहिले. मी बघत होते की जॅक आहे, पण जॅकचा दांडा नाही. म्हणजे चाक पंक्चर झालं तर ह्यांनी जॅककडे बघत कॉफी प्यायची. सांगायचं मला सुचलं, पण ते चौघे एकदम इंग्रजीत बोलत होते, मधे शिरायला फट सापडेना. शेवटी रंगण्णांच्या सामानातला एक जुना दांडा मी ड्रायव्हरच्या सीटखाली पट्ट्याने बांधून टाकला. महिन्याने त्यांचा फोन आला की सीटखाली दांडा सापडला, गाडीबरोबरच येतो का तो. रंगण्णांनी सांगितलं, हो.

तर माझी पद्धत अशी. बोलायचं नाही, ठेवून द्यायचं.

दुसऱ्या एका साहेबांनी गाडीला नळकांडं बसवून घेतलं. ते बॉनेटच्या बाजूने वर छपरापर्यंत जातं, म्हणजे गाडी पाण्यात गेली तरी इंजिन वरून श्वास घेतं. रंगण्णांनी विचारलं कुठल्या नदीत जाणार, तर ते म्हणाले, अजून ठरलं नाही. दोन वर्षं ती गाडी फक्त ऑफिसला गेली. मग एका पावसाळ्यात रस्ते बुडाले आणि साहेब पुलाखालच्या पाण्यातून गाडी घालून ऑफिसला पोचले. त्या दिवशी पोचलेले ते एकटेच. ऑफिस बंद होतं. तरी गाडीचा फोटो घेऊन ते पेढे वाटायला गॅरेजात आले.

पण मला सांगायचंय ते पेंढारकर साहेबांचं.

पेंढारकर साहेब सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. मूळचे पुण्याचे, तीस-पस्तीस वर्षं इथे, आता निवृत्त, यशवंतपूरला फ्लॅट. वहिनी म्हणजे त्यांच्या मिसेस, शाळेत शिकवायच्या, त्याही निवृत्त. दोघांनी गाडीने लडाखला जायचं कित्येक वर्षांपासून ठरलेलं होतं. आधी मुलाची दहावी आली, मग बारावी, मग साहेबांचं प्रमोशन, मग सासूबाईंचं आजारपण. हे मला वहिनींनी पहिल्याच दिवशी सांगितलं, कारण मी "बसा स्वल्प" म्हटलं आणि त्यांना कळलं की ही मराठी आहे. त्यांना एवढा आनंद झाला की साहेब रंगण्णांशी पाट्यांवर बोलत होते तेवढ्या वेळात त्यांनी मला सगळं घर सांगून टाकलं. मी फक्त हं हं करत होते. बोलणारी माणसं मला आवडतात, आपली सोय होते.

साहेबांनी शीट आणलं होतं. कॉम्प्युटरवर केलेलं, आठ पानी. गाडीत जाणारी प्रत्येक वस्तू, तिचा नंबर, तिचं वजन, तिची जागा. एकशे त्रेचाळीस नंबर. रंगण्णा सगळ्या गिऱ्हाइकांना सांगून दमतात की गाडीच्या कागदावर एक मर्यादा लिहिलेली असते, गाडी, माणसं, सामान सगळं मिळून त्याच्या पुढे वजन गेलं की पाटे तुटतात, घाटात ब्रेक लागत नाहीत. कुणी ऐकत नाही. आणि हे साहेब स्वतःच ग्रॅममध्ये वजन लिहून घेऊन आले. रंगण्णांनी ते शीट दोन्ही हातांनी धरलं. मला म्हणाले, "अक्का, इकडे ये, बघून घे. असं गिऱ्हाईक पुन्हा होणार नाही."

साहेबांना प्रत्येक खिशावर नंबर शिवून हवा होता. त्यामुळे ते शीट माझ्याकडे आलं, आणि मी एक ते एकशे त्रेचाळीस वाचलं. नंबर एक, चालक, स्वतः, चौऱ्याहत्तर किलो. नंबर दोन, स्टेपनी. मग जॅक, मग दुसरा जॅक, मोठा, माणसाच्या छातीएवढा. जनरेटर. फ्रिज. दुर्बीण, स्टँडसह. घडीच्या खुर्च्या, चार. टॉर्च. टॉर्च, दुसरा. टॉर्च, दुसऱ्याचे सेल. शेवटी एकशे त्रेचाळीस, सुई-दोरा, वीस ग्रॅम. हसू आलं मला. मग हसता हसता थांबले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

शीटमध्ये वहिनी नव्हत्या.

मला वाटलं, त्यांचं वेगळं पान असेल. मला वाटलं, इंजिनिअर लोक बायकोचं वजन दुसरीकडे धरत असतील. ज्यांनी जन्मभर मोठमोठ्या यंत्रांची वजनं केली त्यांना मी काय विचारणार, की साहेब, बायको कुठाय? विचारायला म्हणून मी दोनदा शीट घेऊन उठले. एकदा ते फोनवर होते. दुसऱ्यांदा ते माझ्याकडे बघून म्हणाले, "बोला बाई," आणि मी म्हटलं, "दोरा काळा लावू की खाकी?" खाकी लावायला सांगितला. असे आठ दिवस गेले.

त्या आठ दिवसांत वहिनी दोन-तीनदा आल्या. रंगण्णांचा एक नियम आहे. जाणाऱ्या प्रत्येकाने गॅरेजात एकदा चाक बदलून दाखवायचं, कुणाची मदत नाही. साहेबांनी आधी चाक बदलण्याच्या पायऱ्या कागदावर लिहिल्या, मग पाचव्या पायरीला बोल्ट कुठे ठेवले ते विसरले. वहिनींनी ओढणी कमरेला बांधली, पान्ह्यावर उभ्या राहून बोल्ट सैल केले, आणि चाक बदलून हात पुसले. साहेब म्हणाले, "तिने गाडीचं लायसन्स माझ्या आधी काढलंय. पण हायवेवर मी नाही देत." वहिनी माझ्या मशीनपाशी आल्या. मला म्हणाल्या, "अक्का, ह्या गाडीत खिसे किती झाले?" मी म्हटलं, "त्रेचाळीस." त्या म्हणाल्या, "मला एक पुरे. माझ्या दाराला. चष्मा आणि बडीशेपेची डबी राहील एवढा." तो मी त्याच दिवशी शिवला. नंबर न घालता.

गाडी द्यायच्या आधी आम्ही ती भरून वजनकाट्यावर नेतो. तुमकूर रोडला, जिथे सळया भरलेले ट्रक उभे असतात. एरवी मी डाव्या सीटवर बसते, काय वाजतंय ते ऐकायला. माझ्या हाताखालून गेलेल्या गाड्या कुठे कुठे जाऊन आल्या, मी काट्यापर्यंत. पण त्या दिवशी वहिनी म्हणाल्या, मी बसते. मला बरं वाटलं. मी रंगण्णांच्या स्कूटरवर मागून गेले.

गाडी काट्यावर चढली. साहेबांच्या शीटप्रमाणे वजन मर्यादेच्या आत वीस किलो यायला हवं होतं. ते वीस किलो त्यांनी "आकस्मिक" म्हणून राखून ठेवले होते. काट्याने शीटपेक्षा साठ किलो जास्त दाखवले. म्हणजे मर्यादेच्या वर चाळीस.

साहेब खाली उतरून खिडकीपाशी गेले आणि काट्याच्या माणसाला म्हणाले की तुमचा काटा शेवटचा कधी तपासला होता. त्याच्या मागे सहा ट्रक हॉर्न वाजवत होते. तो म्हणाला, काटा ठीक आहे, तुम्ही गाडीत परत बसा, उभं राहून वजन होत नाही. साहेब बसले. पुन्हा साठ जास्त. साहेब शीट काढून पहिल्या पानापासून वाचायला लागले. ट्रकवाले खाली उतरले. शेवटी काट्याचा माणूस खिडकीतून डोकं बाहेर काढून वहिनींना म्हणाला, "अम्मा, स्वल्प इळीरी." जरा खाली उतरा.

वहिनी उतरल्या आणि बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. आकडा फिरला आणि थांबला. शीटवर होता तोच.

साहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी शीट खिडकीतून बाहेर काढून रंगण्णांना दाखवलं. "बघितलंत रंगण्णा? तंतोतंत. त्यांचा काटाही बरोबर आहे आणि माझं शीटही बरोबर आहे."

रंगण्णा वर बघायला लागले, तिथे विजेच्या तारा होत्या. मी माझ्या चपलेकडे बघितलं. काट्याच्या माणसाने निघालेल्या दोन्ही पावत्या साहेबांच्या हातात दिल्या, एक वहिनींसकट, एक वहिनींशिवाय, आणि सहा ट्रक ड्रायव्हरांना वहिनींचं वजन कळलं.

वहिनी म्हणाल्या, "बरोबरच आहे शीट. त्यात मी नाहीये, एवढंच."

साहेबांनी शीटकडे बघितलं, मग वहिनींकडे. म्हणाले, "अगं, पण ते आकस्मिकचे वीस..."

"मी साठ आहे," वहिनी म्हणाल्या. "आणि मी आकस्मिक पण नाही."

त्यांनी हात करून रिक्षा थांबवली. बसताना मला म्हणाल्या, "अक्का, तो खिसा उसवून टाक. तिथे ह्यांचं ते टायरची हवा मोजायचं ठेव." आणि रिक्षावाल्याला यशवंतपूर सांगून निघून गेल्या.

तीन दिवसांवर निघायचं होतं. साहेब गॅरेजात येऊन स्टुलावर बसले. त्यांनी तीन वेळा फोन केला. तिसऱ्यांदा वहिनींनी उचलला आणि सांगितलं, तुम्ही जाऊन या, मी कुंड्यांना पाणी घालीन. मग साहेब उपाय काढायला लागले. पाण्याची टाकी अर्धी भरू. डिझेल अर्धं भरू. मी जेवण कमी करून पाच किलो उतरवतो. रंगण्णा म्हणाले, "तीन दिवसांत, सर?" एवढं सगळं साहेबांना सुचलं, पण जनरेटर काढू, हे सुचलं नाही. वाईट माणूस नव्हता तो. वहिनी त्यांच्या बाजूला इतकी वर्षं होत्या की त्या न्यायच्या वस्तूंमध्ये येतात हे त्यांच्या डोक्यात शिरलंच नाही. आपण आपला हात कुठे यादीत लिहितो? पण हे मी त्यांच्या बाजूने बोलतेय. वहिनींच्या बाजूने बघितलं तर सुई-दोरा यादीत होता.

मला अन्न गोड लागेना. आठ दिवस मला ठाऊक होतं. मी दोऱ्याचा रंग विचारत बसले. एक वाक्य बोलले असते तर साहेबांनी घरच्या घरी शीट सुधारलं असतं आणि ट्रकवाल्यांसमोर हे झालं नसतं.

दुपारी मी जमिनीवरची खडूची गाडी पुसायला गेले. ओलं फडकं हातात होतं. आणि मला दिसलं. मागचा दरवाजा होता, दोन्ही बाजूंच्या चाकांचे उंचवटे होते, ड्रॉवर होते, फ्रिजची जागा होती. पुढे मी एक आडवी रेघ मारली होती आणि तिथे गाडी संपली होती. एकोणीस वर्षं मी गाड्या काढतेय. माझ्या एकाही गाडीत पुढच्या सीटा नव्हत्या. सामान कुठे बसेल ते बघायचं, माणसं काय, बसतातच. साहेबांच्या शीटमध्ये निदान चालक तरी होता.

मी फडकं ठेवलं. रंगण्णांना सांगितलं की मी यशवंतपूरला जाऊन येते, खिशाचं माप घ्यायचंय. ते म्हणाले, "खिसा झालाय ना?" मी म्हटलं, "हो." ते म्हणाले, "सरी अक्का, मग लवकर जा."

मेट्रोत मी वाक्य पाठ करत गेले. जिना चढेपर्यंत ते पाठ होतं. वहिनींनी दार उघडलं आणि ते गेलं. मी टेप हातात धरून उभी. वहिनी म्हणाल्या, "काय गं?" मी म्हटलं, "चष्म्याच्या डबीचं माप." त्या म्हणाल्या, "गाडीत मी नाही, माझा चष्मा कशाला?" तरी डबी आणून दिली. मी ती लांबीने मोजली, रुंदीने मोजली, मग जाडीने मोजली. मग मोजायला काही उरलं नाही.

"वहिनी, मला आठ दिवसांपासून ठाऊक होतं," मी म्हटलं. "आणि शीट एकट्या साहेबांचंच चुकलेलं नाही. माझ्या गाडीतपण पुढची सीट नाही. उद्या काढणार आहे. आधी सीट काढणार, मग उरलेल्या जागेत सामान. तुम्ही बसल्याशिवाय मला माप कळणार नाही."

एका दमात एवढं मी लग्नानंतर बोलले नव्हते. वहिनींनी चष्म्याची डबी माझ्या हातातून परत घेतली. मग त्यांनी विचारलं, "चहा घेतेस का?" चहा झाला. येणार की नाही ते त्यांनी सांगितलं नाही, आणि पुन्हा विचारण्याएवढा माझ्यात दम उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी नवीन गाडी काढली. पुढून सुरुवात केली. दोन सीटा, आणि तिथे खरोखरच गॅरेजातल्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्या ठेवल्या. साहेब उजव्या खुर्चीवर येऊन बसले. डावी रिकामी. अकरा वाजले. रंगण्णांनी सगळं सामान उतरवून भिंतीशी लावलं. साडेअकराला वहिनी आल्या, खांद्याला मोठी कापडी पिशवी. त्या सरळ येऊन डाव्या खुर्चीवर बसल्या. साहेब म्हणाले, "आलीस." वहिनी म्हणाल्या, "अक्काला माप हवंय."

मग साहेबांनी एकेक वस्तू उचलून आणायची आणि वहिनींनी विचारायचं, असं आपोआपच सुरू झालं. साहेबांनी जनरेटर आणला.

"हे कशाला?"

"वीज गेली तर."

"गाडीतली?"

साहेबांनी थोडा विचार केला आणि जनरेटर परत भिंतीशी नेला. दुर्बीण आणली. वहिनींनी विचारलं, यातून काय बघणार. साहेब म्हणाले, लांबचे डोंगर. वहिनी म्हणाल्या, "आपण त्या डोंगरावरच जातोय ना?" दुर्बीण परत गेली. दोन माणसांना चार खुर्च्या कशाला, तर पाहुणे आले तर. रंगण्णा मान खाली घालून पान्हे पुसत होते, त्यांचे खांदे हलत होते. दोन खुर्च्या परत गेल्या. हत्यारांची दुसरी पेटी साहेबांनी स्वतःहून ठेवली, पण ठेवताना तिच्यावर हात फिरवला. मोठा जॅक मात्र त्यांनी सोडला नाही. म्हणाले, रंगण्णा, तुम्हीच सांगा. रंगण्णांनी सांगितलं की एक पुरतो. साहेब म्हणाले, तरी पण. वहिनी म्हणाल्या, "राहू दे. एखादा लाडका असतो."

मग मी वहिनींच्या कापडी पिशवीकडे बोट केलं. खडूने नव्हे, बोटानेच. वहिनी म्हणाल्या, ते काही नाही, खायचं. आम्ही ती गॅरेजातल्या हुकाच्या काट्यावर टांगली. भाजणी, गोडा मसाला, मेतकूट, लोणच्याच्या दोन बरण्या, चिवडा. अकरा किलो. साहेब शीटवर काहीतरी लिहायला लागले, मग वहिनींकडे बघून त्यांनी पेन खिशात ठेवलं.

त्या दुपारी आम्ही पुन्हा काट्यावर गेलो. दोघं गाडीत, वहिनी डाव्या सीटवर. आकडा बरोबर मर्यादेवर थांबला. साहेब हळू आवाजात म्हणाले, आकस्मिकला काहीच राहिलं नाही. वहिनी म्हणाल्या, "आता आणखी कुणाला आणायचं राहिलंय का?" काट्याच्या माणसाने ह्या वेळी एकच पावती दिली.

ठरलेल्या दिवशी ते गेले. मी दारात उभी होते. गाडी वळेपर्यंत मी कान देऊन ऐकलं, काहीही वाजत नव्हतं.

दोन महिने होत आले तेव्हा गाडी परत आली. धुळीने तिचा रंग ओळखू येत नव्हता. पुढचा बंपर एका बाजूने चेपलेला. गॅरेजच्या फाटकातून ती इतक्या सफाईने आत आली आणि एका दमात अशी नीट लागली की रंगण्णा म्हणाले, सर शिकले. मग उजवं दार उघडलं आणि वहिनी उतरल्या.

साहेब डावीकडे बसले होते, कमरेला पट्टा. त्यांना उतरवायला रंगण्णांना हात द्यावा लागला. मनालीच्या अलीकडे, त्यांनी सांगितलं, मोठा जॅक काढून बघत होते. लागला नव्हता, नुसता बघत होते. उचलताना कमरेत अशी चमक भरली की सरळ होता येईना. डॉक्टरने सांगितलं, गाडी चालवायची नाही. साहेब म्हणाले होते, परत फिरू. वहिनींनी विचारलं होतं, कुणी चालवत? आणि तिथून लडाख, आणि लडाखहून बेंगळूर, सगळं त्यांनी चालवलं.

"बंपर?" रंगण्णांनी विचारलं.

"तो माझा," साहेब म्हणाले. "त्याच्या आदल्या दिवशीचा."

मी गाडीच्या आत शिरले. माझे पट्टे बघायचे होते, शिवणी बघायच्या होत्या. एक टाका निघाला नव्हता. डाव्या दाराच्या खिशात चष्म्याची डबी होती, काळी, मी मोजलेली नव्हे. साहेबांची. बरोबर कमरेला लावायच्या मलमाची ट्यूब, आणि बडीशेपेची डबी अर्धी संपलेली. सगळं अगदी मापात बसलं होतं.

वहिनी माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांचा चष्मा डोक्यावर ढकललेला, चेहरा उन्हाने रापलेला. त्यांनी उजवं दार उघडून त्याच्या आतल्या मोकळ्या बाजूवर हात ठेवला.

"अक्का, इथेपण एक शिवायला हवा," त्या म्हणाल्या. "सगळ्या वाटेत चष्मा ठेवायला जागा नव्हती."

मी टेप काढला. "डबी दाखवा," मी म्हटलं.